उष्टं अत्तर

महारुद्रनं काउंटरवर ठेवलेल्या बाटलीवर नारळाचं झाड होतं, निळ्या लाटा होत्या आणि अर्धं कापलेलं लिंबू होतं. यातलं लिंबू तेवढं परभणीत पिकतं. नारळ मिळतो तो देवापुढं फोडायला, आणि समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत अंग अवघडून घ्यावं लागतं. पण लग्नाची हौस एकदा डोक्यात शिरली की माणूस समुद्रसुद्धा मागतो.

"दुबईचा माल हाय बघा," तो म्हणाला. "दोस्तानं आणला होता, संपला. आमाला अस्संच अत्तर पायजे. गुलाब, हिना, मोगरा नको, ते समद्यांच्याच लग्नात असतंय. हाताला लावलं की पाहुण्यानं थांबून विचारलं पायजे, हे कुठून आणलंत म्हणून."

राजेश्रीनं झाकण काढून हुंगलं. आधी कच्च्या लिंबाची सणक आली, मग मोसंबीची साल, मग खरबूज, आणि सगळ्यांच्या खाली काहीतरी गार, ओलं. विहिरीच्या आतल्या दगडाला वास येतो तसं. वास सुंदर होता, उगाच नावं कशाला ठेवा. ज्यानं कुणी बनवला त्याला आपलं काम येत होतं.

"होईल," ती म्हणाली. "पाहुण्यांसाठी मोठी बाटली, अन् नवरदेवाला वेगळी कुपी देतो आम्ही. कुपीवर नाव घालावं लागतं. काय नाव?"

"योगीराज. आमचा मेव्हणा हाय. मानवतला भुसाराची अडत हाय त्यांची, चांगुणाबाईचं घर म्हणलं की कुणीबी सांगतंय. दुसरेपणाचं लग्न हाय, पण दणक्यात करायचंय. पहिली बायको काय, बिघडलेला माल निघाला."

महारुद्र या घराचा जावई झाला तो अलीकडे. पहिली बायको त्यानं पाहिलेली नव्हती. ती आत्ता त्याच्यासमोर उभी राहून कागदाच्या पट्टीवर त्याच्या मेव्हण्याचं नाव लिहीत होती, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. राजेश्रीचं अक्षर मात्र नेहमीपेक्षा वळणदार आलं.

त्या घरानं तिला टाकलं त्याला चार वर्षं झाली होती. खरं कारण एवढंच की चांगुणाबाईला सुनेचं उलट बोलणं झेपत नव्हतं. पण उलट बोलते म्हणून सून टाकली तर लोक हसतात, म्हणून बाईनं दुसरं कारण शोधलं, आणि असं शोधलं की त्याला उत्तरच नसावं. चुडाव्याला, राजेश्रीच्या माहेरच्या ओसरीवर, चार माणसांच्या बैठकीत ती म्हणाली, "पोरीच्या अंगाला मेल्या उंदरावानी वास येतोय. आमच्या लेकराला शेजारी बसून घास गिळत न्हाई."

आता याला काय पुरावा द्यायचा? आरोप चोरीचा असता तर घराची झडती देता आली असती. वासाचं काय दाखवणार? ओसरीवरची माणसं खाली बघत बसली. त्यातला एक जण, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून, हळूच नाक वर करून हवा हुंगत होता. योगीराज शेजारी बसून मोबाईल चाळत होता. दोन वर्षं हा माणूस तिच्या मानेत तोंड खुपसून झोपला होता. तो "हो" म्हणाला नाही आणि "नाही"ही म्हणाला नाही. चांगुणाबाईला राजेश्रीनं निदान शिव्या तरी दिल्या. योगीराजचं ते गप्प बसणं मात्र तिच्या पोटात जाऊन बसलं आणि तिथंच कुजलं.

फारकत झाली. गावात पोरं तिला बघून नाक दाबायला लागली. आणि एक दिवस तिनं पाहिलं, न्हाणीत सोडलेलं तिचं पोलकं आईनं, सुलाबाईनं, उचललं आणि कुणी नाही असं बघून नाकाला लावलं. सख्ख्या आईनं. त्या दिवशी राजेश्री रडली नाही. योगीराजला जन्मभर पुरेल असं काहीतरी करायचं, एवढं तिनं मनाशी बांधलं.

शनिवार बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या वहीदचाचांच्या दुकानात ती पहिल्यांदा गेली ती गिऱ्हाईक म्हणून. सगळ्यात उग्र अत्तर द्या, म्हणाली. चाचांनी विचारलं, कशाला? तिनं सांगून टाकलं. चाचांनी तिला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बेटी, आमच्या सात पिढ्या नाकावर जगल्या. तुझ्या अंगाला मेहनतीच्या घामाचा वास हाय, तो बादशहालाबी येतो. बाकी कायबी न्हाई. झूट बोलतेत ते." इतक्या माणसांत हे सांगणारा हा पहिला. ती दुसऱ्या दिवशी चुडाव्याहून गाडीनं पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि मग दुकानातच राहिली.

चाचांनी तिला जे शिकवलं त्यात लिंबाचा धडा पहिला होता, कारण तो ती अंगावर शिकली. लिंबाचं तेल दोन तऱ्हेनं निघतं. साल पाण्यात उकळून भट्टीतून काढलं तर ते गरीब असतं, कुठंही लावा. साल नुसती दाबून काढलं तर ते कच्चं तेल. वासाला तेच चांगलं, अगदी झाडावरचं लिंबू नखानं खरवडल्यासारखं; पण ते अंगाला लावून उन्हात गेलं की कातडी करपते. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या मनगटावर कच्चं तेल सांडलं होतं. ती तशीच स्टेशनपर्यंत चालत गेली. दोन दिवसांनी फोड आले, फोड गेल्यावर काळा पट्टा पडला, तो दिवाळीपर्यंत गेला नाही. चाचा म्हणायचे, "कच्चं तेल रात का राजा हाय. धूप में नक्को. दुकानात ठेवायचं, पण लग्नाच्या मालात चुकूनबी न्हाई घालायचं."

महारुद्र विसार देऊन गेला तेव्हा चाचा दुकानात नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडले होते. राजेश्रीला कुणी विचारणारं नव्हतं.

पाहुण्यांची मोठी बाटली तिनं मन लावून केली. गरीब तेल, मोसंबी, वाळा. पाण्याचा वास आणायला तिला बरेच दिवस लागले. चाचा नेहमी सांगत की पाण्याला वास नसतो, पाण्याच्या काठच्या गोष्टींना असतो. मग तिनं पूर्णेच्या वाळूतल्या खरबुजांचा विचार केला, ओल्या मातीचा केला, शेवाळाचा केला, आणि चाचांच्या फळीवरच्या बाटल्यांतून तेवढं तेवढं उचललं. शेवटी एका दुपारी पट्टी नाकाशी नेली तर बाहेर बेचाळीस डिग्री असताना मानेवरून गार झुळूक गेल्यासारखं वाटलं. दुबईच्या बाटलीला तोंडात मारेल असा वास झाला होता. सूड घ्यायचा तर त्यातही हलकं काम करायचं नाही, असा तिचा स्वभाव.

मग तिनं नवरदेवाची कुपी घेतली. वास तोच ठेवला. लिंबू मात्र कच्चं घातलं, आणि सढळ हातानं घातलं. कुपीला लाल दोरा बांधताना तिला इतकं बरं वाटत होतं की ती गुणगुणायला लागली.

महारुद्र माल न्यायला आला तेव्हा तिनं नीट समजावून सांगितलं. "ही कुपी फक्त नवरदेवाची. लग्न कुठं हाय म्हणालात? चारठाण्याला? मारुतीच्या दर्शनाला परण्या निघतो ना, नवरदेवाची मिरवणूक, भर उन्हात, त्याच्या आधी मानेला, कानामागं, गळ्याला चांगली चोळा. उन्हात वास खुलतो हिचा."

"वा!" महारुद्र म्हणाला. "ताई, तुमी एकदम दिलसे काम करता."

"हो," राजेश्री म्हणाली. "अगदी दिलसे."

लग्नाच्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून ऊन बघत होती. ऊन चांगलं कडक होतं. घोड्यावर बसलेला योगीराज तिच्या डोळ्यांपुढं येत होता, पुढं नाचणारी पोरं, थांबत थांबत चाललेली मिरवणूक, आणि मानेवर पडलेला सूर्य. लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी फोड येतील. आठवड्यानं काळं पडेल. मग येईल कुणी तरी जवळ, बघेल आणि दोन पावलं मागं सरकेल. लोकांनी आपल्याला बघून मागं सरकणं म्हणजे काय असतं ते त्यालाही कळू दे. चुडाव्याला घरी गेल्यावर ती दोन भाकरी जास्त जेवली. सुलाबाई म्हणाली, "आज लय खुशीत हायस." राजेश्री म्हणाली, "ऊन चांगलं पडलं आज." सुलाबाईला त्यातलं काही कळलं नाही.

नंतर काहीच कानावर येईना. मानवत तसं जवळ, पण विचारायचं कुणाला? चाचा दुकानात परतले, डोळ्यांना काळा चष्मा लावून. आणि एका सकाळी एक म्हातारा शेतकरी तरण्या मुलीला घेऊन पायरी चढला. मुलीनं तोंडाला आणि गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळली होती, हातात कोपरापर्यंत पोचणारे मोजे होते. म्हाताऱ्यानं खिशातून लाल दोऱ्याची कुपी काढून काउंटरवर ठेवली.

"मी चारठाण्याचा दत्तराव. ही माझी लेक, अर्पिता. ही कुपी तुमच्या दुकानाची हाय का?"

"हाय," राजेश्री म्हणाली. "पण ही तर नवरदेवाची..."

अर्पितानं ओढणी सोडली. गळ्यावर, खांद्याच्या उतारावर, कानांच्या पाळ्यांमागं काळेकरडे फराटे होते. मोजे उतरवले तर मनगटापासून कोपरापर्यंत तेच. ज्यांनी तिला हौसेनं अत्तर चोळलं त्या बायकांच्या बोटांच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या साफ दिसत होत्या.

"उष्ट्या हळदीबरोबर आली ही," अर्पिता म्हणाली. "हळद आधी त्यांना लावली, राहिलेली मला आणली. ताटात ही कुपीबी होती. त्यांना लावून राहिलेलं अत्तर नवरीचं, असं सासूबाईनं सांगून धाडलं होतं. मैत्रिणींनी सगळी कुपी माझ्याच अंगाला पुसली. मग फोटोवाला आमाला जुन्या देवळांकडं घेऊन गेला, भर दुपारी. इथं उभं रहा, तिथं बसा, मान वाकडी करा. चांगला टाइम उन्हात होतो."

राजेश्री खुर्चीवर बसली. उष्टी हळद! ती स्वतः त्या घरची नवरी झाली होती तेव्हा तिच्याही दारात असंच ताट आलं होतं, त्यात वाटीभर ओली हळद होती आणि शेजारी गुलाबाची अर्धी कुपी. तीसुद्धा चांगुणाबाईचीच रीत. सूड घ्यायच्या नादात मानेचा, उन्हाचा, मारुतीच्या रस्त्याचा सगळा विचार तिनं केला, आणि जे तिच्या स्वतःच्या अंगाला लागलं होतं तेवढं नेमकं डोक्यातून गेलं.

"डॉक्टरनं सांगितलं, लिंबाचं काहीतरी लावून उन्हात गेली असंल," दत्तराव म्हणाले. "सासरचे ऐकत न्हाईत. मांडवपरतणीला पोरगी आली, तिला न्यायलाच कुणी आलं न्हाई. म्हणतेत पोरीला आधीचाच रोग हाय, तुमी झाकून लग्न लावलं. येत्या रविवारी बैठक हाय आमच्याकडं. तुमच्यातलं कुणी येऊन दोन शब्द सांगितले तर बरं होईल."

चाचांनी कुपी उचलली. आत काही उरलं नव्हतं, पण त्यांना तेवढं पुरे होतं. बूच नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना चहा सांगून ते राजेश्रीला मागच्या खोलीत घेऊन गेले.

"ही तू भरली?"

"हो."

"कच्चं हाय ते म्हाईत होतं तुला?"

"म्हाईत होतं म्हणूनच भरलं. योगीराजचं लग्न होतं चाचा. आमचा योगीराज."

काळ्या चष्म्यामुळं चाचांचे डोळे दिसत नव्हते. राजेश्रीला वाटलं आता ते ओरडतील. पण तिला त्या क्षणी खरं काय वाटत होतं ते सांगितलं तर वाचणाऱ्याला राग येईल. तिनं विचारलं, "पण त्याला लागलं असंल ना चाचा? आधी त्यालाच लावलं म्हणाली ती. थोडं तरी लागलंच असंल की."

"बाहेर ते लेकरू बसलंय," चाचा म्हणाले, "आन् तुला अजून तेच पडलंय?"

"हो," ती म्हणाली. "दोन्ही पडलंय."

"माझ्या दुकानाचं जे व्हायचं ते होईल. रविवारी मी जातो."

"तुमी न्हाई. मी जाते."

ती गेली ती त्या पोरीसाठीच गेली असं सांगितलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं. अर्धी त्या पोरीसाठी गेली. अर्धी योगीराजची मान बघायला.

दत्तरावांच्या दारातला मांडव अजून उतरवलेला नव्हता, आंब्याच्या डहाळ्या वाळून खडखडत होत्या. खाली सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. मधोमध गावातला एक जाणता म्हातारा. चांगुणाबाई पुढंच होती, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. शेजारी योगीराज, आणि त्याच्या मागं महारुद्र. इतक्या उकाड्यात योगीराजनं गळ्याभोवती पांढरं उपरणं कानापर्यंत गुंडाळून घेतलं होतं. ते दिसताच राजेश्रीला हसू आवरावं लागलं.

"आमची काय चूक?" चांगुणाबाई सांगत होती. "पोरगी बघायला आलो तवा पदर गळ्यापर्यंत. आमी काय उघडून बघणार होतोत? लग्न झालं अन् आठ दिवसांत हे. रोग एकदम कुठून येतोय? आधीचाच असणार. आमचा एकुलता एक ल्योक, त्याला लागलं म्हणजे?"

आतल्या दाराला टेकून अर्पिता उभी होती. कुणी काही बोलत नव्हतं. राजेश्रीला ही शांतता ओळखीची होती. अशाच शांततेत तिची ओसरी खाली बघत बसली होती, आणि आता इथंही एक जण दाराकडं मान वळवून पोरीच्या गळ्यावर काही दिसतंय का ते चोरून बघत होता. ती मांडवात शिरली.

चांगुणाबाईनं तिला पाहिलं. "ही? ही इथं कशाला आली?"

"अत्तर मी केलंय म्हणून आले," राजेश्री म्हणाली. "ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगते. मी राजेश्री, चुडाव्याची. ह्या घरची पहिली सून. परभणीला अत्तराच्या दुकानात असते. ह्या लग्नाची कुपी मी भरली. त्यात लिंबाचं कच्चं तेल घातलं, उन्हात गेलं की कातडं करपून काळं पडावं म्हणून. मुद्दाम घातलं. माझ्या मालकाला त्यातलं कायबी म्हाईत न्हाई. ते मी ह्याच्यासाठी घातलं होतं." तिनं योगीराजकडं बोट केलं. "नवरीला जाईल हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. पोरीला रोग न्हाई. हा डाग हाय, चार-सहा महिन्यांत जातो."

मांडवात एकदम गलका झाला. दत्तराव उठून उभे राहिले. चांगुणाबाई ओरडली, "खोटं बोलायलीय! सवतीचा कळवळा कुठून आला हिला? पैसे देऊन आणलंय!"

"खोटं हाय तर उपरणं काढा त्याचं," राजेश्री म्हणाली. "हळद आधी त्याला लागली का न्हाई? अत्तर आधी त्याला लागलं का न्हाई? मग डाग आधी त्याला पायजे. काढा."

"काढ बाबा," म्हातारा म्हणाला. "एवढ्या उकाड्यात कशाला ठेवलंय?"

योगीराजनं उपरणं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेवढ्यात महारुद्र, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता आणि डोक्यात काही शिरत नव्हतं, मागून म्हणाला, "दाखवा की त्यात काय लपवायचं, सासूबाईंनी हळद चोळून बघितली तरी जात न्हाई म्हणून आपणच तर डॉक्टरकडं..." आणि बोलता बोलता त्यानं उपरण्याचं टोक ओढलं.

मानेवर चार बोटांचे काळे पट्टे होते, कानाच्या मागून गळ्यापर्यंत उतरलेले. आईनं लेकाला प्रेमानं अत्तर चोळलं होतं, ते तसंच्या तसं उमटलं होतं. पुढं बसलेला एक माणूस नकळत मागं सरकला.

राजेश्रीनं ते मागं सरकणं पाहिलं. चार वर्षं ती याच एका गोष्टीसाठी जगली होती आणि ती गोष्ट आत्ता घडली. तिला आनंद झाला. खूप झाला. भरल्या ताटावर बसल्यासारखा झाला. "बोल," ती योगीराजला म्हणाली. "त्या दिवशी माझ्या ओसरीवर मोबाईल बघत बसला होतास. आज बोल. येत होता का माझ्या अंगाला वास?"

योगीराज सतरंजीकडं बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "न्हाई."

"मोठ्यानं."

"न्हाई येत!"

चांगुणाबाईनं कपाळ बडवून घेतलं. म्हाताऱ्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्याच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्याची कळा होती, कारण बैठक आता सोपी झाली होती. "चला," तो म्हणाला, "म्हणजे पोरीत खोट न्हाई. झालं गेलं गंगेला मिळालं. चांगुणाबाई, पोरीला संग घेऊन जा. दत्तराव, चहा टाकायला सांगा."

"आमी कुठं न्हाई म्हणलोत?" चांगुणाबाई लगेच म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "आमाला काय म्हाईत ही चेटकीण मधी हाय. आमची सून आमाला जड हाय का? जा गं अर्पिता, पिशवी भर."

दत्तरावांचा जीव भांड्यात पडला. बायका आत पळाल्या, कपबशा वाजायला लागल्या. आपण काय करून बसलो ते राजेश्रीला आत्ता दिसलं. पोरीवरचा डाग तिनं पुसला होता, आणि पुसून पुन्हा त्याच घराच्या हवाली केली होती. आज डाग निघाला, उद्या ही बाई दुसरं काही शोधील. ती काही बोलायला गेली, पण कोणत्या तोंडानं बोलणार? आता तिच्याकडं बघायलाही कुणी तयार नव्हतं.

अर्पिता पिशवी न घेताच बाहेर आली. सरळ राजेश्रीसमोर येऊन उभी राहिली, आणि तिनं काडकन तिच्या कानाखाली वाजवली. हात पोरीचा, पण शेतात राबलेला. राजेश्रीचं तोंड एका बाजूला वळलं. तिनं हात वर केला नाही, एक पाऊल मागं घेतलं नाही.

"हे माझ्या गळ्याचं," अर्पिता म्हणाली. मग ती चांगुणाबाईकडं वळली, गळ्यातलं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "आन् हे तुमचं. डाग हाय म्हणून टाकलंत, डाग जाणार म्हणून नेता. आमचं माणूस बसून बघतंय, तवाबी गप्प होतं, आत्ताबी गप्प. मी येत न्हाई."

"अगं ए, येडी झालीस का?" चांगुणाबाई किंचाळली. अर्पिता आत निघून गेली होती. आतून कडी लावल्याचा आवाज आला. योगीराज तसाच बसून होता, उपरणं हातात, आणि मान उघडी.

राजेश्री मांडवाबाहेर पडली. मागं आरडाओरडा चालू होता, त्यात तिच्या नावानं शिव्या होत्या, त्या तिनं सगळ्या ऐकून घेतल्या. गाल भाजत होता. योगीराजच्या मानेचं तिला अजूनही वाईट वाटत नव्हतं, शोधूनही वाटत नव्हतं. पोरीच्या बोटांचं मात्र तिला बरं वाटलं, निदान तेवढं तरी देणं फिटलं.

फाट्यावर ती बसची वाट बघत उभी असताना दत्तराव पाठीमागून आले. पळत आल्यानं त्यांना धाप लागली होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिच्यापुढं धरून ते दुसरीकडं बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्यामुळं माझी लेक नासली, आन् तुमच्यामुळंच वाचली असं तिची आई म्हणायलीय. मला म्हाताऱ्याला दोन्ही एकदम कळत न्हाई. उन्हाचं आलेल्याला पाणी देतो आमी, म्हणून आणलं. प्या. पण ह्या गावात परत पाय ठेवू नका."

राजेश्रीनं उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि जिंतूरच्या बसच्या वाटेकडं बघत राहिली.